एक जागा शिल्लक

हबीब सर गेले, आणि त्यांच्याशी माझं भांडण राहून गेलं. ते कधी झालंच नाही, हीच माझी तक्रार आहे.

मी भांडून मोठा झालेला माणूस आहे. रेणापूरजवळच्या खेड्यातून लातूरला आलो तेव्हा माझ्याकडं एक जुनी मोपेड होती. दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातली पोरं क्लाससाठी लातूरला येतात. त्यांच्या आईबापांना मी मोपेडवर मागं बसवून खोल्या दाखवायचो. घरमालकाशी भांडायचो, मग बापाशी भांडायचो, आणि दोघं दमले की मधला आकडा सांगायचो. समोरचा माणूस ओरडायला लागला की मला बरं वाटतं. ओरडणारा अजून उठून गेलेला नसतो, त्याच्याशी बोलता येतं. हबीब सर माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. हक्क होता त्यांचा.

त्यांची माझी गाठ पडली ती साईटमुळं. मोबाईल सगळ्यांच्या हातात आल्यावर मोपेड सोडून मी खोल्यांची साईट काढली. कुठल्या गल्लीत कुठली खोली, किती भाडं, क्लास किती लांब, घरमालक कसा, आणि सगळ्यात वर हिरव्या पट्टीत ‘एक जागा शिल्लक’ किंवा ‘दोन जागा शिल्लक’. वर्षभर साईट गोगलगायीसारखी का होईना चालायची, पण निकालाच्या आठवड्यात बसायची. लोक मोबाईलवर फिरणारं चक्र बघत बसायचे आणि कंटाळून थेट क्लासच्या दारातल्या एजंटाला गाठायचे. साईट बनवून देणारे म्हणाले, मोठा सर्व्हर घ्या. मी बाजारात वाढलोय. कुणी मोठं घ्या म्हणायला लागलं की मी आधी बघतो, तो काय झाकून राहिलाय.

नांदेडच्या एका घरमालकानं हबीब सरांचं नाव सांगितलं. जुन्या शहरात एका गल्लीत, गाद्या भरणाऱ्याच्या दुकानावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. जिन्यावर कापसाचे पुंजके उडत असायचे, ते सरांच्या बाहीला नेहमी चिकटलेले असायचे. पन्नाशीतला बारीक माणूस, इस्त्रीचा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं बघून म्हणा किंवा रक्तातून म्हणा, सर काहीही बारकाईनं वाचायला लागले की डावा डोळा मिटून घ्यायचे आणि स्क्रीनला नाक टेकेल इतके पुढं वाकायचे. समोर बसलेल्याला वाटावं, हा कॉम्प्युटर आता खोलणार.

मी माझी कहाणी सांगायला लागलो तर हात वर करून म्हणाले, “बालाजीराव, तुम्ही नका सांगू. तिला सांगू द्या.”

मग त्यांनी पत्र्याचा एक डबा काढला. त्यात चिंचोके होते. टेबलावर स्टीलची ताटली ठेवली, मला माझ्या साईटचं पहिलं पान उघडायला लावलं आणि स्वतः डावा डोळा मिटून दुसऱ्या स्क्रीनवर सरकणाऱ्या ओळी वाचायला लागले. साईट डेटाबेसला प्रत्येक वेळी काही विचारायची तशी एक ओळ यायची, आणि प्रत्येक ओळीला सर ताटलीत एक चिंचोका टाकायचे. टक. टक. टक. मला वाटलं पाचसहा होतील. ताटली भरली. चिंचोके टेबलावर सांडले, एक घरंगळत माझ्या चपलेपाशी आला. तरी ओळी सरकतच होत्या.

“हे एक पान,” सर म्हणाले. “एकदा उघडलं. वीस खोल्यांची यादी दाखवायची होती फक्त. आधी यादी आणली, मग पहिल्या खोलीच्या मालकाचं नाव आणायला गेली, परत आली. फोटो आणायला गेली, परत आली. क्लास किती लांब ते विचारायला गेली. मग दुसऱ्या खोलीसाठी तेच सगळं पहिल्यापासून. साईट मंद न्हाई तुमची. बिचारी धावून धावून मरून राहिलीय.”

मी म्हणालो, “किती घेणार?”

त्यांनी आकडा सांगितला. मी सवयीनं निम्मा केला. ते म्हणाले, “ठीक.”

मला राग आला. निम्म्याला हो म्हणणारा माणूस एकतर फसवतो किंवा आपण आणखी खाली जाऊ शकलो असतो. मी तसं तोंडावर बोललो. सर हसले. “पैशाचं झालं. आता माझी अट ऐका. मी जे साठवू नका म्हणेन, ते साठवायचं न्हाई. काय वाट्टेल ते झालं तरी.” मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. फुकटची अट, म्हणून मी घासाघीस न करता हाव म्हणून टाकलं. माझ्या आयुष्यात मी घासाघीस न करता कबूल केलेली ती एकच गोष्ट.

दर गुरुवारी ते एसटीनं लातूरला यायचे. डब्यात खिचडी आणि चिंचेचा आंबटगार खट्टा. माझ्या ऑफिसात फिरणारी खुर्ची होती, तिच्यावर ते कधी बसले नाहीत. लाकडी स्टूल ओढायचे. “खुर्चीत माणूस साहेब होतो, अन् साहेबाला झोप येते.” माझ्याकडं वैशाली नावाची मुलगी साईट सांभाळायची, औशाची, हुशार पण घाबरट. तिला ते ‘बेटा’ म्हणायचे आणि तिच्या हातून काही बिघडलं तर तिच्यापेक्षा जास्त खूश व्हायचे. “बिघडलं? छान. आता कुठं बिघडतं ते कळलं. चल, शोधू.” मी बिघडलं की आरडाओरडा करतो. ती दोघं मिळून हसायची, मी केबिनच्या काचेतून बघायचो.

पहिल्या तीन गुरुवारांत मला काही फरक दिसेना. चौथ्या गुरुवारी माझ्याकडं सातआठ घरमालक जमले होते. त्यांच्यासमोरच मी सरांना टोचलं, “सर, तुम्ही काय करून राहिले महिनाभर, ह्यांना तरी सांगा. मला तर कळंना.”

सर स्टुलावरून उठले. “बालाजीराव, पाहुण्यांना पाणी द्या. पण माझ्या पद्धतीनं. एका वेळी एक ग्लास. तो दिला की परत माठापाशी जायचं. मग तिथून यायचं अन् दुसऱ्याला विचारायचं, पाणी पाहिजे का. मग परत जायचं.”

सगळे बघत होते, म्हणून मी उठलो. पहिला ग्लास दिला. परत गेलो, परत आलो, दुसऱ्याला विचारलं, परत गेलो. चौथ्या खेपेला माझं डोकं फिरलं. “अहो, ट्रे हाय की! सगळ्यांचं एकदम आणतो ना!”

“तोच ट्रे बनवून राहिलोय महिनाभर,” सर म्हणाले.

कमलबाई नावाची एक घरमालकीण होती, मुलींसाठी खोल्या चालवायची, तोंडानं फाटकी. ती पदर तोंडाला लावून हसली. “सर, ह्याला रोज पाणी आणाया लावा. पोट तरी उतरंल.” त्या दिवशी संध्याकाळी सरांनी ताटली मांडली आणि पान उघडलं. पाच चिंचोके पडले. मी ते मोजले, मग परत मोजले.

सर काही खास हुशारी करतायत असं कधी वाटायचं नाही. एक एक बारकी गोष्ट धरायचे. यादीच्या पानावर साईट प्रत्येक खोलीची सगळी माहिती ओढून आणायची, मालकाच्या आधार कार्डाच्या फोटोसकट. सर म्हणाले, “तांब्याभर पाणी पाहिजे तर तुम्ही टँकर बोलवता का?” आणि लागेल तेवढंच आणायला लावलं. गल्लीच्या नावानं खोली शोधताना डेटाबेस सगळ्या खोल्या पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचा. सरांनी माझी जुनी जाड वही मागितली, जिच्यात मी मोपेडच्या काळात खोल्या लिहायचो. तिला मी गल्लीवार चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. “ही अक्कल तुम्हाला तेव्हा होती,” ते म्हणाले, “साईटला द्यायची राहिली.” अशी माझी तारीफ आणखी कुणी केलेली मला आठवत नाही.

साठवण त्यांनी वैशालीला शिकवली ती मी काचेआडून ऐकली. तोच तोच प्रश्न हजार लोक विचारतात, तर दरवेळी डेटाबेसपर्यंत कशाला जायचं, उत्तर एकदा आणून जवळ ठेवायचं. त्याला कॉम्प्युटरवाले कॅशे म्हणतात. वैशाली पुस्तकातलं काहीतरी पाठ म्हणायला लागली तर सरांनी थांबवलं.

“तुझ्या घरी नळ किती दिवसांनी येतो?”

“आठ दिवसांनी. कधी दहा.”

“मग काय करता?”

“भरून ठेवतो सर. टाकी, बॅरल, घागरी.”

“सगळं एकातच?”

“न्हाई. प्यायचं वेगळं, सांडायचं वेगळं.”

“नळ आला की?”

“जुनं ओतून द्यायचं, भांडं घासायचं, नवं भरायचं.”

“झालं,” सर म्हणाले. “पुण्याच्या पोराला हे शिकवायला मला दोन दिवस लागले असते.”

आणि मग त्यांनी वाटून दिलं. खोलीचे फोटो, पत्ता, क्लासपासूनचं अंतर, हे बॅरलमध्ये. दिवसेंदिवस राहिलं तरी बिघडत नाही. भाडं घागरीत, मालकानं बदललं की लगेच ओतायचं. आणि ‘एक जागा शिल्लक’ ही हिरवी पट्टी? “ती भरून ठेवायचीच न्हाई. ती दरवेळी नळाखाली ओंजळ धरूनच. कुणीतरी त्या पट्टीवर विश्वास ठेवून एसटीत बसतं, बेटा.”

तीच त्यांची अट होती. मी ऐकली, पण माझ्या आत गेली नाही. आमच्या खेड्यात पाणी ओतून देणं मी कधी बघितलेलंच नाही. जुनं पाणी, नवं पाणी असं आमच्याकडं नव्हतं. घागरीच्या तळाला गाळ असला तरी आई वरचं निवळून घ्यायची आणि गाळाचं जनावरांना. भरलेलं भांडं ही आमची श्रीमंती. साठवलेली गोष्ट नासते, हे वैशालीला घरात कळलं होतं, मला अजूनही मनापासून पटलेलं नव्हतं.

पहिला हंगाम सुरेख गेला. साईट अडखळली नाही. निकालाच्या दिवशी सर स्वतः स्टुलावर बसून होते, हातात खट्ट्याचा डबा, आणि दर तासाला एक पान उघडून चिंचोके टाकत होते. लोकांनी मला फोन करून शाबासकी दिली, मी ती सगळी घेतली.

दुसऱ्या हंगामाच्या आधी सर दोन गुरुवार आले नाहीत. फोन केला तर त्यांची मुलगी आयेशा उचलायची. “अब्बांना काम आहे.” मग फोन बंद. मला वाटलं, दुसरं गिऱ्हाईक मिळालं. माझ्या डोक्यात असलंच येतं.

निकाल लागला आणि आधीच्या वर्षीच्या कितीतरी पट माणसं साईटवर आली. सगळं ठीक होतं, एकाच ठिकाणी अडत होतं. ती हिरवी पट्टी. प्रत्येक माणसासाठी साईट डेटाबेसला विचारायला जायची, किती जागा शिल्लक, आणि तिथं रांग लागायची. परत ते फिरणारं चक्र. मी वैशालीला म्हणालो, “शिल्लक जागा पण साठव.”

“सरांनी नको म्हणलंय.”

“पगार सर देतेत का मी?”

तिचे डोळे भरले. तिनं केलं. उत्तर सहा तास साठवून ठेवायचं, सहा तासांनी नवं आणायचं. साईट पळायला लागली. मी ऑफिसात जिलेबी मागवली आणि वैशालीला म्हणालो, बघ, एवढंच होतं. तिनं खाल्ली नाही.

त्याच दिवशी सर लातूरला येत होते. एकटे नव्हते. हिमायतनगरचे माधवराव त्यांच्याबरोबर होते. बागायतदार माणूस, सरांकडं फार वर्षांपूर्वी टायपिंग शिकलेला. त्यांची मुलगी कोमल दहावीला शाळेत पहिली आली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, त्यासाठी लातूरला यायचं होतं. माधवरावांचं मन होत नव्हतं. शहरात एकटी पोरगी, कोण बघणार. सर त्यांच्या घरी जाऊन बसले. आपल्या मोबाईलवर माझी साईट उघडून दाखवली. ही बघा कमलबाईंची जागा, फक्त मुली, बाई स्वतः वर राहते, क्लास पायी पाच मिनिटं. एक जागा शिल्लक.

“अन् गेल्यावर भरलेली निघाली तर?” माधवरावांनी विचारलं होतं.

“भरली तर इथं दिसणार न्हाई. मी बनवलंय हे, माधव.”

माधवराव म्हणाले, ठीक, एक दिवस येतो. जागा मिळाली तर पोरगी तिथं, नाही तर घरी. त्यांनी एकच दिवस दिला. हे सगळं मला नंतर कळलं. सकाळी निघताना सरांनी परत पट्टी बघितली. भोकरला बघितली. नांदेडला गाडी बदलताना बघितली. प्रत्येक वेळी एक जागा शिल्लक.

ती जागा सकाळीच गेली होती. कमलबाईनं लगेच साईटवर तसं नोंदवलंही होतं. डेटाबेसला माहीत होतं. साईट मात्र सहा तासांपूर्वीचं उत्तर सांगत होती.

कमलबाईकडून ते दुसरीकडं गेले, जिथं पट्टीवर दोन जागा होत्या. भरलेल्या. मग तिसरीकडं, मग चौथीकडं. ऊन मी म्हणत होतं. माधवराव डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन जिने चढत होते, उतरत होते. शेवटी सगळे माझ्या ऑफिसात आले. कोमलच्या हातात नवी कोरी बादली होती, तिच्यावर नेलपॉलिशनं नाव लिहिलेलं. हॉस्टेलला जाणाऱ्या मुली लिहितात तसं.

माधवराव दारातच थांबले. आवाज चढवला नाही. “सर, तुम्ही म्हणला होता.”

 सर वैशालीच्या कॉम्प्युटरपाशी गेले, स्टूल ओढलं, डावा डोळा मिटला. दोन मिनिटं लागली असतील. मग म्हणाले, “बेटा, हे तू केलंस?” वैशालीनं माझ्याकडं बघितलं.

मी उसळलो. “सहा तासच तर! साईट बसली होती, हंगाम आहे, तुमचा फोन बंद! मी काय करायचं होतं? तुम्ही कुठं होता दोन आठवडे?” समोर गिऱ्हाईक उभं आहे हे ध्यानात आल्यावर मी लगेच वळलो आणि माझ्या धंद्याच्या आवाजात माधवरावांना म्हणालो, “काका, काळजी नको. दुसरी खोली देतो. खाली पोरं राहतेत पण जिना वेगळा आहे. भाडं अर्धं करून देतो. चला, त्याच्याही खाली.”

माधवराव म्हणाले, “आम्ही भाव करायला न्हाई आलो.”

त्यांनी पेटी उचलली. कोमल बादली घेऊन मागून निघाली. सर दहा मिनिटं बसले, ते सहा तास काढून टाकले, पट्टी पुन्हा नळाखाली नेली. वैशालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझी चूक न्हाई.” डबा पिशवीत घातला. माझ्या केबिनसमोरून गेले. मी दारात उभा होतो, ते ऐकवतील म्हणून तोंडात शिव्या तयार ठेवून. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, आणि जसा माणूस चुकीच्या गाडीचा बोर्ड वाचून मागं वळतो, तसे वळले. संध्याकाळच्या गाडीनं ते माधवरावांच्या शेजारी बसून परत गेले.

काम त्यांनी सोडलं नाही. ते सोडलं असतं तर मी समजून घेतलं असतं. दोन दिवसांनी वैशालीला नांदेडहून सगळं लिहून पाठवलं. शिल्लक जागांचा एक वेगळा छोटा तक्ता करायचा, प्रत्येक खोलीची एक ओळ, जागा गेली की त्याच क्षणी आकडा कमी, म्हणजे विचारल्या विचारल्या उत्तर. साठवायचं काही नाही आणि रांगही नाही. वैशालीनं तसं केलं. साईट माझ्या जिलेबीच्या दिवसापेक्षाही जोरात पळाली, आणि पट्टी खरं बोलायला लागली. मी दोन दिवस थांबलो असतो तर. पुढं जे जे लागलं ते सर वैशालीला कळवत राहिले. मला एक ओळ नाही. मी फोन करायचो, आयेशा म्हणायची, अब्बा झोपलेत. एकदा मी तिच्यावरच ओरडलो, “बोल म्हणावं माझ्याशी! शिव्या दे म्हणावं!” ती म्हणाली, “काका, अब्बांचं डायलिसिस असतं. ते दमतात.”

तेव्हा मला कळलं की ते दोन गुरुवार ते कुठं होते. कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माधवरावांबरोबर आले ते आदल्या दिवशी दवाखान्यातून सुटून, थेट हिमायतनगर गाठून. चार जिने तेही चढले होते.

मी हिमायतनगरला गेलो. मला घरमालक पटवता येतात, बाप पटवता येतात, हाच माझा धंदा. कमलबाईला आधीच सांगून एक खाट राखून ठेवली होती. पहिली तुकडी गेली तर गेली, पुढच्या तुकडीत बसेल. माधवरावांनी मला बसायला खुर्ची दिली, ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिलाच इचारा.”

कोमल अंगणात भांडी घासत होती. बादली तिथंच होती, नावाचं नेलपॉलिश निम्मं उडालेलं. मी खूप बोललो. ती हात पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “काका, मला आता न्हाई यायचं.”

“का गं? त्यात तुझं काय चुकलं?”

“बाबा त्या दिवशी पेटी घेऊन सगळीकडं हिंडले. तुमच्या ऑफिसात चार खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हणलं न्हाई.”

मी तिथून उठलो. गावातल्याच कॉलेजात तिनं नाव घातलं होतं. हिमायतनगरहून नांदेडला येईपर्यंत मी सरांना काय सांगायचं ते जुळवत होतो. खरं सांगायचं ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं.

दुपारची वेळ. क्लास बंद होता, कॉम्प्युटरवर चादरी टाकलेल्या, आणि त्यांच्यामध्ये एक खाट. सरांचा चेहरा सुजला होता, मनगटं मात्र काडीसारखी. बाह्यांची बटणं तशीच लावलेली.

“बालाजीराव, चहा घेता?” किती महिन्यांनी ते माझ्याशी बोलले, आणि हे बोलले. मी मान हलवली.  मग म्हणाले, “माधवकडं गेला होता म्हणे. वैशाली सांगत होती.”

“हाव.”

“कोमल?”

एवढंच विचारलं. डोळे माझ्यावर. दोन्ही उघडे. आणि माझ्या तोंडून आलं, “येतीय सर.”

ते कोपरावर उठायला लागले. “खरं?”

आता मी थांबलो नाही. मला थांबताच येत नाही, वस्तू खपतीय असं दिसलं की. “येत्या सोमवारी. कमलबाईकडंच. खिडकीजवळची खाट ठेवलीय. माधवराव स्वतः सोडायला येतेत. सुरुवातीला नको म्हणत होती, मग कबूल झाली.”

“आयेशा,” त्यांनी हाक मारली, “फोन लाव माधवला.”

मी घाईघाईनं म्हणालो, “नको सर. त्यांना अवघडल्यासारखं झालंय. तुम्हाला बोलले ना त्या दिवशी. म्हणाले, पोरगी रुळली की मीच येऊन सरांना भेटतो. थोडे दिवस जाऊ द्या.”

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग मान डोलावली. “बरोबर आहे. माधव तसाच आहे. जाऊ द्या.” आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या हाताला दवाखान्याच्या पट्टीचा चिकटपणा होता. “तुम्ही गेलात, हे चांगलं केलंत,” ते म्हणाले. “मी फार रागात होतो.”

होतात ना रागात? मग मला तेव्हा का नाही झापलंत? मी हे विचारायला हवं होतं. हात सोडवून घ्यायला हवा होता. मी तो तसाच राहू दिला. माफी मिळत होती आणि मी ती घेतली.

सोमवार उजाडायच्या आत ते गेले. म्हणून त्यांना खरं कधी कळलं नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण कधी कधी वाटतं, माधवरावांना ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

त्या दुपारी मी जिना उतरून गल्लीत आलो. वर खाटेची करकर झाली, आयेशा “अब्बा, नका, अब्बा” म्हणत होती. मी वर बघितलं. सर गॅलरीत येऊन उभे होते, एका हातानं कठडा धरून, दुसरा हात आयेशाच्या खांद्यावर. खाली गादीवाला कापूस पिंजत होता, त्याला ते सांगत होते. आवाज बारीक, पण गल्लीभर ऐकू जाईल इतका आनंद त्यात.

“अहमदभाई, ती माझी हिमायतनगरची पोरगी चाललीय लातूरला. सोमवारी.”

अहमदभाईनं हात थांबवून माझ्याकडं बघितलं. “मुबारक हो,” तो मला म्हणाला.

मी मान खाली घालून बस स्टँडकडं निघालो.